बॅटरीवरचा मुक्काम

...आणि वर मलाच विचारतो, "बाबा, नवी गाडी मस्त आहे ना?" मस्त? अहो, तुम्हाला सांगतो, या पेट्रोलने माझा घात केला!

आधीची गाडी काय गुणाची होती! निव्वळ बॅटरीवरची. चिरंजीव त्यांच्या गावाहून निघाले की माझ्या दारात येईपर्यंत तिचा जीव कंठाशी. मग मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडायची, भिंतीतल्या साध्या प्लगला लावायची, आणि ती मुंगीच्या पावलांनी भरत बसायची... रात्रभर! म्हणजे मुक्काम आलाच. मुक्काम आला की गादी घाला, पत्ते काढा, मी पान लपवणार, तो ओरडणार, "बाबा, गुडघ्याखालचं काढा!" आणि झोपताना शेजारच्या खोलीत कुणीतरी घोरतंय... अहो, काय गाढ झोप लागते त्याने!

आता रात्री तो घोरत असताना मी जरासं प्लगचं बटण बंद केलं. एकदाच! बरं, दोनदा. बरं, दर खेपेला! सकाळी तो ओरडणार, "बाबा, अजून निम्मीच?" मी आपला गरीब चेहरा करून, "व्होल्टेज कमी असेल रे राजा. राहा आजचा दिवस."

शिकलेला मुलगा! बटणाकडे बघावं ना? नाही, गाडीच बदलली! "प्लग-इन हायब्रिड, बाबा! रोजचं ऑफिस विजेवर, लांब जाताना चार्ज संपला तर पेट्रोल आहेच. आता तुमच्या प्लगची कटकट नाही!" मागून सूनबाई, "तुम्हालाही त्रास नको, बाबा." त्रास? अहो, तो त्रासच तर... जाऊ दे. पेट्रोलने घात केला!

परवा चिरंजीव आले. वायर मी सकाळपासून खिडकीत सोडलेली, गादीवर धुतलेली चादर. जेवून हात पुसत म्हणतो, "निघतो."

"अरे, चार्ज?"

"पेट्रोल आहे ना!"

"आमच्या विजेचा अपमान करतोस? घे की घोटभर!"

हसला, खांद्यावर हात ठेवला, आणि गेला. आधीची गुपचूप जायची, ही घरघरते. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती. मी काय, उभा होतो ऐकत...

मग आत येऊन वायर गुंडाळली. बघतो तर बटण चालू! तुम्हाला सांगतो, या खेपेला मी त्याला हातसुद्धा लावणार नव्हतो. म्हटलं, बघू, आपणहून राहतो का...

मीच बंद केलं शेवटी. सवय हो! उगाच जरा थांबलोही तिथे... पण "बाबा, अजून निम्मीच?" म्हणून कुणी ओरडलंच नाही.