वाकला का गुडघा?

...आणि वर ती फिजिओ मलाच म्हणते, "काकू, जरा जोर लावा ना!" जोर लावा? अहो, पोटच्या पोरीचा गुडघा आहे तो, बरणीचं झाकण नाही! आणि सांगताय कुणाला? झुरळ दिसलं तर त्याला सुपलीत घेऊन बाहेर सोडणारी बाई मी!

तुम्हाला सांगते, आमची मुलगी बास्केटबॉल खेळते. सामन्यात उंच उडी मारली, खाली आली, आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मी तशीच धावत मैदानावर. म्हटलं, कुणी पाडलं तिला? समोर आणा, नरडीच धरते! तर तिचे सर म्हणतात, "अहो, कुणी बोटसुद्धा लावलं नाही. एकटीच होती." घ्या! भांडायलासुद्धा कुणी नाही!

ऑपरेशन झालं, नवीन लिगामेंट बसलं. मला वाटलं, सुटलो. कसले सुटतोय! गुडघा आखडला. मग ती फिजिओ... चिमणीएवढी मुलगी, पण बोटं? सांडशी! म्हणाली, "रोज हिला पालथं झोपवायचं आणि टाच पाठीकडे दाबायची. पुढच्या तपासणीपर्यंत गुडघा काटकोनात आला नाही, तर डॉक्टर भूल देऊन वाकवतील. मग यंदाचं खेळणं विसरा." हे ऐकून पोरीनं घरी आल्या आल्या स्वतःच पालथं पडून टाच पुढे केली हो.

मग काय, मी रोज टाच धरायची, ती "आई गंऽऽ मेलेऽऽ" करायची, मी सोडायची आणि फुंकर घालायची. स्वयंपाकघरातून हे विचारणार, "वाकला का?" मी सांगणार, "वाकला, वाकला!" आणि खरंच वाकल्यासारखा दिसायचा! तर फिजिओ म्हणते, "काकू, गुडघा आहे तिथंच आहे. ही कंबर उचलतेय. इतके दिवस तुम्ही कंबर वाकवत होता!" झुरळाला सुपलीत घेणारी बाई मी!

मग ह्यांना बसवलं तिच्या कमरेवर. तर म्हणे, "मधे उशी घेऊ का? टोचेल तिला." म्हटलं, बसा! मी टाच दाबली, आणि जे काही सुरू झालं... पोरीनं पाण्याची बाटली मागं भिरकावली, ती ह्यांच्या कानशिलावर! "राक्षस आहात तुम्ही दोघं! मी पोलिसांत जाईन!" हे ओरडतायत, "अगं हळू, हळू!" मला, का तिला, देव जाणे. तेवढ्यात शेजारीण दार बडवायला लागली, "अहो, मारताय काय तिला?" "नाही हो, व्यायाम चाललाय!" "कुणाचा?"

मी टाच सोडणारच होते, तर उशीत तोंड खुपसून पोरगी म्हणते, "आई, सोडू नकोस ना गं... मी शिव्या देईन, ओरडेन, तू सोडू नकोस. मला खेळायचंय."

काय करणार हो आईनं? डोळे मिटले, दात-ओठ खाल्ले आणि घातला सगळा भार... कट्ट! आतून आवाज! हे टुणकन उठले, "तोडलास! तू पाय तोडलास तिचा!" मी माझ्याच हातांकडे बघतेय. कुणाच्या हातून झालं हे? झुरळ सोडणाऱ्या बाईच्या! पोरगी मग हळूच मान वळवून मागं बघते, तर पाय छान वर उभा. "आई... वाकला!" तिघंही रडलो. शेजारीण दाराबाहेरून, "आता काय झालं?"

काल तपासणी. डॉक्टर खूश! "वा! आखडलेलं सुटलं, काटकोनाच्याही पुढे! कोणी केलं हे?" मी आपली लाजले. "आता पाय सरळ कर बघू." पोरीनं केला. म्हणजे, तिला वाटलं केला. डॉक्टरांनी गुडघ्याखालून आख्खी मूठ आरपार घातली. म्हणाले, "हं... वाकवलात झकास. आता रोज वरून दाबून सरळ करायचा."

हे भिंतीकडे बघायला लागले. पोरगी माझ्याकडे. मी पर्स खाली ठेवली, बाह्या वर केल्या, म्हटलं, "डॉक्टर, घरी जाईपर्यंत थांबू, की इथंच बसू हिच्यावर?"