तळ्याचं वेळापत्रक

...आणि वर घरचे सगळे मलाच विचारतात, "तळ्यातले मासे चावतात का?" आता मला काय माहीत! मी काय त्या माशांचा वर्गशिक्षक आहे? मी गणिताचा मास्तर, तळं पाहिलंय ते फक्त फोटोत! डोंगरात आत कुठंतरी, चहूबाजूंनी झाडं, काठावर छोटी लाकडी केबिन, तीन गाद्या, स्वयंपाकाला चूल, उजेडाला कंदील, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'येथे फोन लागत नाही.' फोन लागत नाही! अहो, वाचूनच मला निम्मी विश्रांती मिळाली. गाद्या तीन, माणसं तीन. मी, बायको आणि लेक. लेकीला नोकरी लागलीय, लांब, दोन विमानं बदलून जायचं, वर्षभर सुट्टी नाही. तर म्हटलं, जायच्या आधी चार दिवस तिघांनीच तिथं जाऊन राहावं. सांगा, फार मागितलं का मी?

पण बुद्धी फिरली आणि मी ते दादाला सांगितलं. थोरला भाऊ, त्याला नको का सांगायला? तो म्हणाला, "वा वा, जा की! माझं काही म्हणणं नाही." मग थोडं थांबला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "पण..."

तुम्हाला सांगतो, आमच्या घराण्यात सगळ्यात वडीलधारा कोण असेल, तर तो हा 'पण'! "पण आम्हाला विचारलं असतंस तर आम्हीही आलो असतो." आता यावर माणूस काय बोलणार? "चला की!" गेलं तोंडातून! दादा, वहिनी आणि त्यांची जुळी, झाले सात. दादानं लगेच आत्याला कळवलं, झाले आठ. मग बायको म्हणाली, "तुमच्याकडचे सगळे, आणि माझ्याकडचं एक माणूस नाही... माझं काही म्हणणं नाही हं, पण..." म्हणून मेहुणा, त्याची बायको आणि सासूबाई. अकरा! केबिनवाल्या बाईंना फोन केला, म्हटलं, बाई, तिघांचे अकरा झालेत. तर विचारतात, "शाळेची सहल आहे का?" शाळेची सहल परवडली हो! तिथं निदान शिट्टी वाजवता येते.

बरं, तारीख. पहिली तारीख पाच. दादा म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही, पण जुळ्यांचा पोहण्याचा वर्ग दहापर्यंत आहे, तो बुडवता येणार नाही." म्हणजे बघा हं... पोरं पाण्यात उतरायला शिकताहेत, म्हणून पाण्याकडे जायचं नाही! बरं, बारा तारीख. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय, मी म्हातारी, कुठंही एका कोपऱ्यात बसेन. पण कवळी पंधराला मिळणार आहे, आणि तुम्ही तिथं फोटो काढणार." बरं, पंधरा. आत्याची मांजर! तिला दूध घालणारी शेजारीण सतराला गावाहून परतणार. आणि मेहुणा? त्याची तारखेची अडचणच नाही, त्याला फोनला रेंज हवी! "ऑफिसातून कधीही कॉल येऊ शकतो, भावजी." अहो, सहा वर्षं झाली ह्या माणसाला त्या ऑफिसात, त्याला आलेला एकमेव कॉल म्हणजे त्याच्या बायकोचा, आणि तोही त्यानं उचलला नव्हता!

पण मी डगमगलो नाही. कारण हे माझं काम आहे! शाळेचं वेळापत्रक गेली एकोणीस वर्षं मी लावतो. अडतीस शिक्षक, चोवीस वर्ग, एका तासाला एक शिक्षक दोन वर्गांत... कधीच नाही! माझा एक मोठा पुठ्ठा आहे, त्यावर प्रत्येकाच्या रंगाच्या चिठ्ठ्या. तो पुठ्ठा घरी आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला. दादा निळा, आत्या तांबडी, सासूबाई जांभळ्या, लेक पोपटी. ज्याचा जो 'पण' असेल तो चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी टाचणीनं पक्की करायची. आता तुम्हाला धंद्यातली एक गोष्ट सांगतो. वेळापत्रक बसत नसेल ना, तर भांडणाऱ्याची चिठ्ठी हलवायची नाही. जो भांडत नाही त्याची हलवायची. आमचे चित्रकलेचे सर आहेत, देवमाणूस. "कुठलाही तास द्या," म्हणतात. म्हणून एकोणीस वर्षं त्यांना शनिवारचा शेवटचा तास!

तर टेबलावर पुठ्ठा, एका हातात टाचण्या, एका हातात फोन, फोनवर मेहुणा, रेंजसाठी केबिनच्या छपरावर चढता येईल का ह्याची चौकशी करतोय... आणि लेक शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, ऐका ना. मला म्हणे..." मी हात वर केला. असा. वर्गात करतो तसा. "थांब गं, आधी तुझ्या मामाला छपरावर चढवू दे!" ती हसली. थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "काही नाही, अठराचं बोलत होते. बघा तुम्ही." मी म्हटलं, "अठरा कुणालाच जमत नाहीये, एकोणीस बघतोय." आणि तुम्हाला सांगतो, बसलं की हो! एकोणीस ते बावीस! कवळी बसली, मांजर बसली, पोहणं बसलं, सगळ्यांचे 'पण' बसले! मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. शाळेत रजेचा अर्ज दिला, मुख्याध्यापक म्हणाले, "एकोणीस ते बावीसच हं सर, पुढेमागे सरकायचं नाही." म्हटलं, सरकतंय कोण?

परवा दुपारी सगळे आमच्याकडे जमले. कोण कुठं झोपणार ते ठरवायला. बाईंनी आता आम्हाला दिलेल्या मोठ्या केबिनमध्ये गाद्या दहा, आम्ही अकरा. आत्या म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही, पण मला वरची गादी नको." वहिनींना खिडकीजवळची नको, दादाला खिडकीजवळचीच हवी. शेवटी मी म्हटलं, मी व्हरांड्यात सतरंजी टाकून पडतो, मिटवा. तेवढ्यात लेक खोलीतून बाहेर आली, एक भलीमोठी बॅग ओढत, वजन करायला. आत्या म्हणाली, "अगं बाई, चार दिवसांना एवढी बॅग?"

"ही तळ्याची नाही आत्याआजी, नोकरीची. त्यांनी लवकर बोलावलंय. मी अठराला निघतेय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुठ्ठ्याकडे बघितलं. पोपटी चिठ्ठी. कोरी! मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं तिच्यावर, कारण तिचा 'पण' मी ऐकलाच नव्हता.

मी म्हटलं, बदला. आत्ताच्या आत्ता तारीख बदला! "माझं काही म्हणणं नाही," दादा म्हणाला, "पण आता रजा टाकली मी." "माझं काही नाही," आत्या म्हणाली, "पण शेजारणीला सांगून ठेवलंय." मी केबिनवाल्या बाईंना फोन लावला, म्हटलं, ते सगळं राहू दे, ती छोटी केबिन द्या, तिघांची, उद्या, परवा, कधीही! त्या म्हणाल्या, "मास्तर, ती केव्हाच गेली. चार वेळा तारीख फिरवलीत तुम्ही. आता काय तळं आणून देऊ तुमच्या दारात?" खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, म्हणावं, द्या!

लेकीला म्हटलं, "अगं, पुन्हा का नाही सांगितलंस? ओरडायचं होतंस माझ्यावर!" तर म्हणते कशी, "बाबा, तुम्ही उठून टाळी वाजवलीत. इतके खूश तुम्हाला कितीतरी दिवसांनी पाहिलं. मग मला सांगवलं नाही." अहो, ह्या पोरीनं आयुष्यात एकदा तरी भांडायचं होतं हो माझ्याशी... एकदा तरी!

बायको खिडकीबाहेर बघत बसली. आणि मग सासूबाई, नवी कवळी सावरत, अगदी मायेनं, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. आता तुम्हाला व्हरांड्यात नाही झोपावं लागणार. गादी मिळाली तुम्हाला."