साक्षीदार

देशपांडे नगरातल्या वकीलबाईंच्या बाहेरच्या खोलीत निवेदिता बसली होती. शेजारी एक म्हातारी आणि तिची श्रीलंकेहून आलेली सून दिलिनी. सुनेचं मनगट सुजलं होतं.

"आई, नको. घरी जाऊ," दिलिनी सासूला म्हणाली.

"का गं?"

"ते व्हिसाच्या कागदावर सही करणार नाहीत. मला कोलंबोला पाठवतील, मुलगी इथंच ठेवतील."

"हे तुझा नवरा श्रीवत्स म्हणतो. वकीलबाई म्हणाल्या का?"

"नाही."

"मग त्यांनाच विचारू की. व्हिसा संपत आला म्हणून मार खायचा, असा कायदा नाही म्हणाल्या काल फोनवर."

"पोलीस विचारतील, कुणी बघितलं?"

"मी बघितलं."

"तुमचा मुलगा आहे, आई."

"माहीत आहे की. मीच वाढवलाय."

"मग तुम्ही राहणार कुठं?"

"माझ्या घरात. तू, मी आणि पोरगी. कुठं जायचं ते त्यानं बघावं."

कारकुनानं निवेदिताचं नाव पुकारलं.

"अण्णा, आधी या दोघींना आत सोडा. मी थांबते."

"बरं. तक्रार कुणाची?"

म्हातारीनं सुनेकडं बघितलं.

"माझी," दिलिनी म्हणाली आणि उठली.