रोहिणीताई पिंपळनेरला निघाल्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक डॉक्टरसाहेब, धुळ्याहून खास आलेले व्यसनमुक्ती केंद्राचे संचालक, आमचे फैजपूरचे डॉक्टर प्रेमराजभाऊ, आजच्या सत्कारमूर्ती रोहिणीताई बागूल, आणि समोर बसलेल्या सर्व बंधू-भगिनींनो,

मी डिंपल भंगाळे, फैजपूरला शाळेत मराठी शिकवते. बोलायला लागले की थांबत नाही, अशी माझ्या वर्गाची तक्रार आहे. संयोजकांनी म्हणूनच मला आधीच बजावलं आहे.

ताई मला म्हणाल्या, "माझं कौतुक करू नकोस, जे झालं ते सांग." ते सांगायला माझे पती जितेंद्र यांची परवानगी हवी. ती मी घेतली आहे. ते मागच्या रांगेत बसले आहेत. कृपा करून कोणी वळून बघू नका, ते लाजतील.

जितेंद्र केळीच्या गाड्या भरून देतात. माल भरला की संध्याकाळी बैठक, आणि बैठकीत दारू. पुढे प्यायला बैठकही लागेना. झोप येत नाही म्हणून प्रेमराजभाऊंनी गोळ्या दिल्या. मग आम्ही जितेंद्रना धुळ्याच्या केंद्रात नेलं. तिथे दारू बंद झाली, आणि गोळ्याही एकदम सुटल्या, कारण त्या चालू आहेत हे तिथे कोणाला माहीतच नव्हतं. त्यांना झटके आले. गाडीत घालून जळगावला आणलं, याच रुग्णालयात. इथल्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी आणखी वेगळी औषधं सुरू केली. तिन्ही डॉक्टर चांगले, तिघांनाही माणूस बरा करायचा होता. पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसेल, तर बिचाऱ्या रुग्णाने काय करावं?

तेव्हा इथे समुपदेशक म्हणून रोहिणीताई भेटल्या. त्यांनी मोबाईलवर प्रश्नावली दाखवली. झोप कशी आहे, प्यायची ओढ किती, गोळ्या कोणत्या, घरात बोलणं होतं का, असे साधे प्रश्न. दर आठवड्याला जितेंद्रनी घरूनच उत्तरं द्यायची आणि ती धुळे, जळगाव आणि फैजपूर अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी दिसायची. अर्थात, त्यांची संमती असेल तरच.

माझे सासरे सुपडूआबा बिथरले. "घरातलं मोबाईलवर काबरं टाकाचं? गावात काय तोंड दाखवाचं?"

ताई आमच्या घरी आल्या. आबांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि आपल्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "आबा, मना बापले बी हाऊच आजार व्हता. आम्ही लपाडं. तो गया." म्हणजे त्यांच्या वडिलांनाही हाच आजार होता, घरच्यांनी तो लपवला, आणि ते गेले.

आबांनी ताईंकडे पाट सरकवला. मग मला म्हणाले, "डिंपल, चहा ठेव." आमच्या घरात होकार असाच मिळतो.

काही महिने बरे गेले. मग एका आठवड्यात उत्तरं आलीच नाहीत. ताईंनी जितेंद्रना फोन केला. मी शेजारीच उभी होते. त्या रागावल्या नाहीत. "जितेंद्रभाऊ, उत्तरं नाही आली. बरे आहात ना?" एवढंच विचारलं. इकडून उत्तर आलं, "ताई, मी प्यायलो. आता धुळ्याला परत महिनाभर ठेवतील. केळीच्या ऐन कटाईत मी गेलो तर धंदा बसंल. म्हणून नाही लिहिलं."

दुसऱ्याच दिवशी ताईंनी तिन्ही डॉक्टरांना एकाच व्हिडिओ कॉलवर बसवलं, आणि त्यात जितेंद्रनाही. धुळ्याचे सर म्हणाले, पुन्हा भरती करा. प्रेमराजभाऊ म्हणाले, माझ्यासमोर रोज गोळी घेऊ द्या. इथल्या मानसोपचाराच्या मॅडमनी दोन औषधं बदलून दिली. मतं जुळत नव्हती. तेव्हा ताई म्हणाल्या, "ज्यांना दारू सोडायची आहे, त्यांना विचारू या का?"

इतक्या उपचारांत हा प्रश्न त्यांना कोणी पहिल्यांदाच विचारला होता. जितेंद्र चाचरत म्हणाले, "दिवसा काही होत नाही. माल भरल्यावरची संध्याकाळ तेवढी कोणी सांभाळा."

मग ठरलं. संध्याकाळी त्यांनी थेट प्रेमराजभाऊंच्या दवाखान्यात जायचं, तिथेच गोळी घ्यायची, पेशंट संपेपर्यंत बसायचं. पुन्हा तोल गेलाच, तर धुळ्याला भरती व्हायचं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. ती वेळ आजवर आली नाही. सर, तुमची खाट रिकामी ठेवल्याबद्दल क्षमस्व. आता प्रेमराजभाऊंची तक्रार आहे की जितेंद्र पेशंटना केळीचे भाव सांगत बसतात.

ताई, तुम्ही आता तुमच्या पिंपळनेरला निघालात. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं, साक्रीचा दवाखाना आणि धुळ्याचं केंद्र एकमेकांशी जोडायला. आम्हाला वाईट वाटतं, पण अडवायचं कोणत्या तोंडाने? तिकडेही माझ्यासारखं कोणीतरी दार लावून रडत असेलच.

उद्या ताईंचं सामान पोचवायला जितेंद्र स्वतः गाडी घेऊन जाणार आहेत. एवढ्या लांब, एकटे. पूर्वी ते नुसते जवळच्या सावद्यापर्यंत निघाले, तरी मी काहीतरी निमित्त काढून शेजारी बसायची. काल आबांनी विचारलं, "तू जाती का संगं?"

मी म्हटलं, "नाही आबा. उद्या माझी शाळा आहे."

मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांची आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांची मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरचीच समजून पोटात घाला. नमस्कार.