मृणालच्या प्रवासापुरता गारवा

"हॅलो?… हो ताई, मीच. वनमाला बोलतेय."

भोपाळहून नणंदेचा फोन होता. उषाताईंना घरी कुणी सापडलं नव्हतं, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांकडून गॅरेजचा नंबर मिळवला होता. वनमालानं रिसीव्हर कानाला लावला आणि वायर ताणत ताणत दारापर्यंत आली. तिथून बाहेर उभी असलेली गाडी दिसत होती आणि आतल्या कूलरपुढं बसलेली तिची मुलगी मृणालही.

"नाही, निघालो नाही अजून… अहो, पहाटेच निघणार होतो. सामान भरलं, गाडी सुरू केली, तर एसीतून नुसती गरम हवा… हो, कालच भरला होता गॅस. दुसऱ्या एकाकडे. रात्रीत सगळा उडाला… ताई, ऐका ना. गळती न शोधता नुसता गॅस भरला त्यानं, तो कसा टिकेल?"

मे महिना होता. ग्वाल्हेरात फूलबागेच्या रस्त्यावर अंग भाजणाऱ्या वाऱ्याची लू वाहत होती. सहा वर्षांच्या मृणालला जन्मापासून घाम येत नव्हता. चार मुलांना उकडतं तेव्हा हिचं अंग तापायला लागे आणि डोळे वर जात. आत्ताही ती ओली ओढणी गुंडाळून बसली होती.

"गोविंद बर्फ आणायला गेलेत… संभाजीराव आहेत ना, गॅरेजवाले. त्यांनी डॅशबोर्ड उघडून एसीची आतली कॉइल बाहेर काढली, पाण्यात बुडवून बघितली. कोपऱ्यातून बुडबुडे आले. तिथं वेल्डिंग केलंय… झालं, बसवली परत. आता पाइपांतली हवा ओढून काढतायत, मग गॅस… किती वेळ ते मी कसं सांगू?… ताई, मी त्यांच्या डोक्यावरच उभी आहे. आणखी काय करू?"

आवाज चढला तसं तिनं जीभ चावली. नणंदेशी ती असं कधी बोलत नसे.

"आगगाडी? लग्नसराई आहे, एक जागा मिळेना… रात्री? उद्या सकाळीच तर हजर व्हायचंय. रात्री रस्त्यात ट्रक अडकले तर पोचणार कधी?… नाही, नुसते कागद चालत नाहीत. वैद्यकीय मंडळातले डॉक्टर मुलीला समोर बघणार, मगच ठरवणार."

राज्याचे दोन तुकडे झाले, तशी नोकरदारांचीही वाटणी झाली होती. सिंचन खात्यातली वनमाला गेली छत्तीसगडच्या वाट्याला. तिचा नवरा गोविंद याची नोकरी मात्र ग्वाल्हेरातच होती. मुलीच्या आजारासाठी मला इथंच ठेवा, असा अर्ज तिनं केला होता आणि उद्या भोपाळला त्याचा निकाल लागणार होता. ऊन लागलं तर जिच्या जिवावर बेतायचं, त्या मुलीलाच भर उन्हातून न्यायचं होतं.

"काय?… हो ताई, ग्वाल्हेरचं ऊन काही कमी नाही. रायपूरला असंच असेल. प्रश्न उन्हाचा नाही हो, माणसांचा. इथं हरिशंकरपुरमात आमच्या आळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पोर जरा गप्प दिसली की कुणीही उचलून नळाखाली धरतं. शाळेतल्या बाई ओला फ्रॉक घालू देतात. तिकडं मी दौऱ्यावर गेले तर तिला कोण बघणार?… नाही, सोडून नाही देणार नोकरी. औषधं, डॉक्टर, दिल्लीच्या फेऱ्या, गोविंदच्या एकट्याच्या पगारात… बरं, राहू दे."

कूलरपुढून मृणालनं हाक मारली. वनमालानं रिसीव्हर छातीशी धरला.

"बेटा, ओढणी भिजव परत. बादलीत… हां, डोक्यावरून घे." मग पुन्हा कानाशी. "हो, मृणालच. विचारत होती, ‘मम्मा, कब चलेंगे?’… बरी आहे. अंग कोमट लागतंय. मघापासून दहादा हात लावून बघितला मी."

बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं. वनमाला एक पाऊल पुढं गेली, तशी टेबलावरचा फोन घसरायला लागला. ती मागं सरली.

"थांबा ताई… गॅस भरला वाटतं. संभाजीराव हात धरून बघतायत… थांबा ना, बोलू नका… आली. थंड येतेय म्हणतात."

तिनं दारातूनच विचारलं, "भोपाळपर्यंत चालेल ना?" संभाजीरावांनी फडक्याला हात पुसले आणि जे खरं होतं ते सांगितलं. वनमालानं पुन्हा रिसीव्हर कानाला लावला.

"ताई… ते म्हणतात, आज चालेल. पण जोड वेल्डिंगचा आहे. गुनापर्यंत, अर्ध्या वाटेपर्यंत भरवसा देतो, त्यापुढं इतक्या खड्ड्यांत देत नाही. नवी कॉइल दिल्लीहून येणार, ती उद्याच्या आत येत नाही… काय करू मी? भर दुपारी माळावर एसी बंद पडला, आणि बर्फही संपला तर?… नेऊ, की नको नेऊ?"

पलीकडे रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. इतका वेळ सल्ल्यावर सल्ले देणाऱ्या उषाताई घरात कुणाला तरी काही विचारत होत्या.

"हॅलो?… ताई?… आहात ना?… काय म्हणालात?… तुम्ही निघता? कुठं?… गुनाला? अहो, पण गाडी… जगदेवरावांची? त्यांची गाडी ते कुणाला देतात का?… विचारलंत?… मग?… स्वतः चालवणार? मागून त्यांचाच आवाज येतोय ना… काय शोधतायत ते? चष्मा?"

वनमाला दाराच्या चौकटीला टेकली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात उषाताईंचे यजमान जगदेवराव तिच्याशी ‘चहा झाला का’ याच्यापुढं बोलले नव्हते.

"मी मागितलं नसतं, ताई… रागावू नका. नसतंच मागितलं… हो. हो, गुनाच्या बसस्टँडपाशी. तिथून पुढं मृणाल तुमच्या गाडीच्या एसीत. सावलीत गाडी लावतो आम्ही… नाही, जेवण नको, पाणी आणा फक्त. पुष्कळ पाणी. आणि चादरी, भिजवायला… गोविंद आले बघा, बर्फाची लादी घेऊन. सांगते त्यांना… ताई, मी मघाशी जरा जोरात…"

खट्ट झालं. उषाताई बोलायला थांबल्या नव्हत्या.

वनमालानं रिसीव्हर जागेवर ठेवला, कूलरपुढून मृणालला ओल्या ओढणीसकट उचललं आणि थंड झालेल्या गाडीत नेऊन बसवलं.