चांगल्या डोळ्याला पट्टी

समारंभाचे अध्यक्ष साहेबराव आप्पा, बदली होऊन निघालेल्या आपल्या डोळ्यांच्या डॉक्टर प्रतिभाताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि खुर्च्या कमी पडूनही न कुरकुरता उभे राहिलेले यवतकर, सर्वांना संपतचा नमस्कार.

मी मोटार वाइंडिंग करतो. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं मोटारी खोलून शिकलो. त्यामुळं कुणी सांगितलेलं जसंच्या तसं मानायची सवय नाही.

माझ्या लेकीच्या, मोनालीच्या डाव्या पापणीत जन्मापासून गाठ. सर्दी झाली की फुगायची. एकदा तर निळीजांभळी झाली. गल्लीतले विचारायला लागले, "पोरीला हाणली व्हय?"

ताईंनी तपासलं. "लसवाहिन्यांची गाठ आहे. कॅन्सर नाही. पण पापणी बुबुळावर उतरली, तर हा डोळा बघायचंच विसरेल." त्यांनी पुण्याला पाठवलं, तिथं गाठीत इंजेक्शनं दिली. मी व्हर्नियरनं मोजत होतो. अठरा मिलिमीटरची साडेसहा झाली. सात नव्हे, साडेसहा.

पण तोवर डावी नजर मंदावली होती. मग ताई म्हणाल्या, "आता रोज चार तास चांगल्या डोळ्याला पट्टी."

मंडळी, जळालेली मोटार सोडून चालू मोटारीला कुणी हात लावतं का? मी ठरवलं, बाईंची जीभ घसरली. पट्टी लावली दुखऱ्या डोळ्याला. एकवीस दिवस!

तपासणीत डावी नजर आणखी उतरलेली. ताई कडाडल्या, "ह्या डोळ्याला कुणी लावली?"

मी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडं, सोजराबाईंकडं बोट केलं. "म्हातारीला उमगलं न्हाई."

ताईंनी पट्टी उलटून पाहिली. मधोमध टोकाचं बारीक भोक. "आजी, तुम्ही कंपासनं गोल काढून कापता होय?"

माझे कान तापले.

"संपतराव, घरात एक कामसू माणूस असला की दुसरा हलतो का? म्हणून कामसू डोळा झाकायचा."

तेव्हा सासूबाई बोलल्या, "आमच्यात हाय की असा न हलणारा."

गेल्या आठवड्यात मोनालीनं डाव्या डोळ्यानं तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचली. गाठ सर्दीत अजून फुगते, पण आता आम्ही घाबरत नाही.

ताईंनी खरं कुणाला सांगितलं नाही. मी मात्र गावभर सासूबाईंचंच नाव पुढं केलं. दीड वर्ष बाजारात बायका त्यांना हसतात. आज ताई निघाल्या. आता माझ्यावर वचक ठेवणारं कोण? आज नाही बोललो, तर कधीच बोलणार नाही. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो: पट्टी मी लावली होती.

ताई, पोरीच्या डोळ्याबद्दल आभार मानायला माझे शब्द तोकडे आहेत. मंडळी, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सासूबाई, तुम्ही मात्र एवढ्यात घालू नका. घरी चला, काय बोलायचं ते बोला, मी उभा राहून ऐकतो.