पाकिटातलं पातं

नाही हो, उघडून नका बघू — तेवढं सोडून काय ते बोला. तुम्ही भट्टीवाले, रोज पाती तापवता, हातात घेतल्याबरोबर कळलं असेल तुम्हाला की आत सुरीचं पातं आहे — तेच आहे, दुसरं काय असणार. ह्यांनीच घासून आकार दिलाय, ह्यांनीच पाकिटात घातलंय. वर्खासारखं दिसलं तरी स्टीलचाच पातळ पत्रा आहे तो — तुम्हाला मी काय सांगायचं. कडेची दुमड बघा, दुहेरी, कशी एका रेषेत आहे — तापताना हवा लागून पातं खराब होऊ नये म्हणून जीव तोडून दुमडायचे. मी चहा घेऊन गेले तरी नुसता हात वर करायचे, म्हणजे थांब. इतकं जपून मला कधी काही बांधून दिलं नाही या माणसाने. हसा, हसा — मीही हसायचे.

कुठलं स्टील? तेच तर म्हणते, भारीतलं, गंज न धरणारं — दोन प्रकारचं आणायचे हे, एकाला आच जास्त लागते, दुसऱ्याला कमी. आता त्यातलं हे कुठलं — जास्तवालं धरा. नाही, खात्री नाही, खात्री असती तर मघाशीच सांगितलं नसतं का. हो, माहितीय, मुठीत जाणाऱ्या भागावर ह्यांनी स्टीलची खूण ठोकलेली असणार, कोपरा कापला की दिसेल, नवीन पाकीट तुम्ही करून द्याल — अहो, पण कोपराच तर कापायचा नाहीये ना मला. अंदाजाने तापवा. आच कमी पडली तर पातं मऊ राहील, जास्त झाली तर धारेचे तुकडे पडतील — पडू देत. काय बिघडतं?

बिघडतं म्हणा. मुलगी बाहेर गाडीत बसलीय. मोठ्या हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळते, तिच्यासाठीच करत होते हे — तिच्या मुठीचं मापसुद्धा घेतलं होतं. ती म्हणते, आई, मला ती वापरायचीय, भिंतीला लावायची नाहीये, बाबांनी कापायला केलीय ती. बरोबरच आहे तिचं. उद्या कामावर परत जायचंय तिला, म्हणून तर ओढून आणलंन मला — नाहीतर मी कुठली येते. आत येते म्हणाली, मी म्हटलं तू बस, मी सांगते सगळं नीट. हे असं नीट.

आमची भट्टी? ती गेली. त्याच दिवशी गेली. पाकीट मिटलं, भट्टी चालू केली आणि तापेपर्यंत म्हणून हे स्टुलावर बसले — मी आतून हाक मारली, ओ नाही. मग भट्टी कोणाला आठवतेय. सगळे दवाखान्यात, आणि ती आपली घरी तापतेय, रिकामीच — परत आलो तेव्हा आतली तार जळून गेली होती. पाकीट तसंच टेबलावर. मी ते नेऊन उशाशी ठेवलं. रात्री नुसता हात फिरवते दुमडीवरून, बाकी काही नाही — चष्मा कपाळावर चढवून, अगदी तोंड जवळ नेऊन दुमडायचे हो ते, तर आत जी चिमूटभर हवा राहिली असेल ना, ती तेव्हाची आहे. त्यांच्या तोंडाजवळची. — बोलून गेले. मुलीला हे माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.

काय? कागद? हो, टाकायचे की, बंद करायच्या आधी कागदाचा एक कपटा आत टाकायचे. उरलीसुरली हवा खाऊन टाकायला. पाकीट तापलं की कपटा जळतो, आणि —

हो. म्हणजे न उघडता भट्टीत घातलं तरी ती हवा जाणारच. ह्यांनीच सोय करून ठेवलीय. आणि मला ठाऊक नव्हतं का — ते कपटे शेजारी बसून मीच कापून द्यायचे — आणि आल्यापासून तुमच्या मागे लागलेय, उघडू नका, तसंच घाला, तसंच घाला. कशाला तसंच? घरी नेलं तर राहील, तेवढा एकच मार्ग. पण मग बाहेर जाऊन तिला काय सांगू? गाडी फिरव म्हणू? तुझी सुरी मी उशाला घेतलीय, तू दुसरी घे बाजारातून, म्हणू?

ती पत्रा कापायची कात्री ना? द्या इकडे. नाही, तुम्ही नका कापू, मी कापते. खूण काय आहे ते वाचून सांगते, मग तुमची भट्टी, तुमची आच, जसं करायचं तसं करा — फक्त वाकू देऊ नका, ती रोज वापरणार आहे. पण आत्ता जरा बाहेर जाऊन उभे राहा. दुकान तुमचं आहे, कळतंय मला. तरी जा. आणि जाताना तो पंखा बंद करा — दारही ओढून घ्या.